फेनलँडच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदी कशा शोधाव्यात : पॅरिश ठरवण्यापासून नोंद पक्की करण्यापर्यंत

इंग्लंडच्या पूर्वेकडील फेनलँड हा सखल, कालव्यांनी आणि बांधांनी कापलेला प्रदेश केंब्रिजशरमधील आइल ऑफ ईली, लिंकनशरचा दक्षिण भाग, नॉरफोकची पश्चिम कड आणि हंटिंगडनशरची पूर्व कड अशा चार ठिकाणी मुख्यतः विभागलेला आहे. तेथील बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी शोधणाऱ्या बहुतेकांची पद्धत एकच असते : संकेतस्थळावर नाव टाकायचे, जवळपासच्या सालाची पहिली नोंद उचलायची आणि ती वंशवृक्षाला जोडून मोकळे व्हायचे. या पद्धतीने जोडलेल्या पूर्वजांपैकी कित्येक जण लहानपणीच वारलेले असतात किंवा भलत्याच घरातले असतात, कारण जॉन, विल्यम, थॉमस, मेरी आणि ॲन एवढ्या मोजक्या नावांवर या गावांच्या पिढ्यान्‌पिढ्या निघाल्या आहेत.

त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी एक अपेक्षा आधीच बाजूला ठेवावी. तेथे घराण्याची नामावळ एका जागी मिळते, तर पॅरिश रजिस्टर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील (पॅरिशमधील) बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही, हे घराण्यानुसार नव्हे, तारखेनुसार लिहिलेले असते. एका कुटुंबाची पाच मुले पाच निरनिराळ्या पानांवर विखुरलेली असतात आणि ती एकाच आईबापांची आहेत हे सिद्ध करण्याचे काम शोधणाऱ्याचे असते. म्हणून पुढील टप्प्यांचा क्रम बदलू नये. इंडेक्समधील, म्हणजे नोंदींवरून तयार केलेल्या नावांच्या सूचीतील, शोध चौथ्या टप्प्यावर का ठेवला आहे, हे दुसरा टप्पा वाचल्यावर ध्यानात येईल.

टप्पा १ : आधी काय माहीत आहे ते कागदावर मांडावे

ज्या व्यक्तीचा बाप्तिस्मा शोधायचा आहे तिच्याबद्दल मागून पुढे नव्हे, तर पुढून मागे जावे. मृत्यू, विवाह, जनगणना आणि शेवटी बाप्तिस्मा असा हा क्रम आहे. १८५१ आणि त्यानंतरच्या जनगणनांत जन्माचे पॅरिश व परगणा (काउंटी) लिहिलेला असतो, म्हणून व्यक्ती १८५१ मध्ये हयात असेल तर ती जनगणना पाहिल्याशिवाय पुढे सरकू नये. १८४१ च्या जनगणनेत मात्र जन्म त्याच परगण्यात झाला की नाही एवढेच विचारले होते, आणि पंधरा वर्षांवरील व्यक्तींची वये साधारणतः पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली होती. म्हणजे तेथे ३५ लिहिलेला माणूस ३५ ते ३९ यांपैकी कोणत्याही वयाचा असू शकतो.

महाराष्ट्रातील अनेक अभ्यासकांचा या विषयाशी संबंध येतो तो मुंबई इलाख्यात काम केलेल्या एखाद्या शिपायाचा, रेल्वे अभियंत्याचा किंवा मिशनऱ्याचा माग काढताना. अशा वेळी सुरुवात इंग्लंडमधून करू नये. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या चर्चकडील नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सच्या एन/३ या मालिकेत आहेत. तेथील विवाहाच्या नोंदीत वडिलांचे नाव मिळाले तर फेनलँडमधील शोध निम्म्याने सोपा होतो, आणि न मिळाल्यास केवळ नावाच्या बळावर बाप्तिस्मा निश्चित करणे जवळजवळ अशक्य असते.

*पडताळणी :* पुढे जाण्यापूर्वी चार गोष्टी लिहून झाल्या पाहिजेत : जन्मसालाची कमाल व किमान मर्यादा, वडिलांचे नाव (किंवा ते माहीत नसल्याची स्पष्ट नोंद), जन्मगाव ज्या ज्या कागदात जसे आले आहे तसे, आणि भावंडांची माहीत असलेली नावे. भावंडांचा मुद्दा लोक गाळतात, पण सातव्या टप्प्यावर तोच सर्वांत उपयोगी पडतो.

टप्पा २ : गाव नव्हे, पॅरिश ठरवावे

इंग्लंडच्या इतर पुष्कळ भागांत गाव आणि पॅरिश बहुधा एकच असतात, म्हणून या टप्प्याला कोणी फारसे महत्त्व देत नाही. फेनलँडमध्ये मात्र निम्म्याहून अधिक गोंधळ येथेच होतो. पाण्यातून वर डोकावणाऱ्या उंचवट्यांवर जुनी चर्चे बांधली गेली, भोवतालची दलदल पॅरिशमध्ये धरली गेली, आणि नंतर ती दलदल उपसून शेती झाल्यावर चर्चपासून कित्येक मैलांवर नवी वस्ती उभी राहिली. परिणामी येथील पॅरिश अवाढव्य आहेत आणि त्यांच्या पोटात चॅपलरी, म्हणजे दुय्यम चर्च असलेले विभाग, आहेत.

काही उदाहरणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. मार्च हे बाजाराचे शहर असूनही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चर्चच्या हिशेबाने डॉडिंग्टन या पॅरिशचा भाग होते. तरीही मार्चच्या चॅपलचे रजिस्टर वेगळे होते, म्हणून केवळ डॉडिंग्टनचे रजिस्टर पाहून ‘नोंद नाही’ असे म्हणता येत नाही. पार्सन ड्रोव्ह ही लेव्हरिंग्टनची चॅपलरी होती. मेनिया हे गाव कव्हनीपासून बरेच दूर असूनही त्याच पॅरिशला जोडलेले होते. व्हिट्लसी या एकाच गावात सेंट मेरी आणि सेंट अँड्र्यू अशी दोन पॅरिश आहेत, म्हणून जनगणनेत ‘व्हिट्लसी’ एवढेच लिहिले असेल तर दोन्हींची रजिस्टरे पाहावी लागतात. ईली शहरातही होली ट्रिनिटी आणि सेंट मेरी अशी दोन पॅरिश होती, आणि यांपैकी होली ट्रिनिटीच्या लोकांचे पॅरिश चर्च म्हणजे थेट कॅथीड्रलमधील लेडी चॅपल होते. ते १५६६ पासून १९३८ पर्यंत त्या कामासाठी वापरात होते. ‘कॅथीड्रलमध्ये बाप्तिस्मा झाला’ अशी घरातली आठवण असेल तर कॅथीड्रलचे दप्तर शोधत बसण्याआधी होली ट्रिनिटीचे रजिस्टर उघडावे.

अपवेल आणि आउटवेल ही जुळी गावे तर दोन परगण्यांत वाटली गेलेली होती. नदीच्या एका बाजूची घरे नॉरफोकमध्ये आणि दुसऱ्या बाजूची आइल ऑफ ईलीमध्ये अशी स्थिती असल्याने एकाच कुटुंबाच्या दोन जनगणनांत दोन परगणे दिसतात. त्यावरून कुटुंब स्थलांतरित झाले असा निष्कर्ष काढणे चूक आहे. शिवाय वेल्नीसारखी वस्ती दीर्घकाळ अपवेलच्या पॅरिशमध्येच मोडत होती.

थॉर्नी हे तर निराळेच प्रकरण आहे. दलदल उपसण्याच्या कामावर आणि नव्या शेतीवर आलेल्या फ्रेंचभाषक प्रोटेस्टंट कुटुंबांची मंडळी तेथे होती. त्यांचे बाप्तिस्म्याचे स्वतंत्र रजिस्टर १६५४ ते १७२७ या काळाचे आहे आणि ते फ्रेंचमध्ये आहे. ही कुटुंबे पुढे आसपासच्या इंग्रज पॅरिशांत पसरली, तेव्हा त्यांची आडनावे इंग्रज क्लर्कने कानाला ऐकू येतील तशी लिहिली. त्यामुळे अठराव्या शतकात एखादे आडनाव विचित्र रूपात अचानक उगवले आणि त्यामागे काहीच सापडले नाही, तर थॉर्नीचे रजिस्टर पाहावे.

प्रत्यक्ष काम असे करावे. जनगणनेतील किंवा १८१३ नंतरच्या रजिस्टरातील राहण्याचे ठिकाण घ्यावे. त्यात बँक, ड्रोव्ह, फेन, वॉश असे शब्द येतील. बँक म्हणजे नदीचा बांध, ड्रोव्ह म्हणजे शेतांमधून गेलेली गुरांची रुंद वाट, फेन म्हणजे सखल दलदलीची जमीन, आणि वॉश म्हणजे पुराचे पाणी मुद्दाम सोडण्यासाठी राखलेली जमीन. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने सहा-इंची ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे मोफत पाहता येतात. त्यांवर ते ठिकाण शोधून सभोवारच्या चर्चांवर खूण करावी. मग जेनुकी या संकेतस्थळावर त्या प्रत्येक चर्चची माहिती वाचून ते पॅरिश आहे की चॅपलरी, आणि कधीपासून स्वतंत्र आहे, हे लिहून ठेवावे.

*इशारा :* नकाशावरील सरळ अंतर येथे फसवे आहे. ओल्ड बेडफर्ड आणि न्यू बेडफर्ड या दोन सरळ खोदलेल्या नद्यांमधला वॉशचा पट्टा हिवाळ्यात पाण्याखाली जातो. दोन मैलांवरचे आपल्या पॅरिशचे चर्च पलीकडच्या तीरावर असेल आणि पूल दूर असेल, तर माणसे अलीकडच्या परक्या पॅरिशमध्ये मूल घेऊन जात किंवा उन्हाळ्यापर्यंत थांबत. अंतर मोजताना पूल आणि होड्यांचे घाट पाहून मोजावे.

*पडताळणी :* प्रत्येक संभाव्य ठिकाणासमोर पॅरिश, चॅपलरी असल्यास तिचे नाव, परगणा आणि त्या काळातील डायोसिस, म्हणजे बिशपचे क्षेत्र, अशा चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. डायोसिस आजचा नको, त्या काळचा हवा. उदाहरणार्थ, हंटिंगडनशर १८३७ पर्यंत लिंकनच्या बिशपकडे होता.

टप्पा ३ : कोणते रजिस्टर शिल्लक आहे ते पाहावे

पॅरिशचे नाव हाती आल्यावर त्याची कोणती रजिस्टरे, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत आणि कोठे आहेत, याची यादी करावी. शंभर वर्षांहून जुनी रजिस्टरे सामान्यतः चर्चमध्ये नसून परगण्याच्या अभिलेखागारात असतात. आइल ऑफ ईलीसाठी ईली येथील केंब्रिजशर आर्काइव्ह्ज, लिंकनशरच्या भागासाठी लिंकन येथील लिंकनशर आर्काइव्ह्ज, नॉरफोकसाठी नॉरिच येथील नॉरफोक रेकॉर्ड ऑफिस आणि हंटिंगडनशरसाठी हंटिंगडन येथील अभिलेखागार ही मुख्य ठिकाणे आहेत. अपवेलसारख्या सीमेवरच्या गावांबाबत अंदाज न बांधता अभिलेखागारांच्या ऑनलाइन सूची उघडून खात्री करावी.

रजिस्टरे ठेवण्याचा आदेश १५३८ चा असला तरी पुष्कळ पॅरिशांची रजिस्टरे १५५८ पासून सुरू होतात. त्याचे कारण असे की १५९८ मध्ये जुन्या कागदी नोंदी चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा हुकूम झाला, तेव्हा राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या नोंदी उतरवल्या तरी चालतील अशी सवलत होती. म्हणून १५९८ च्या आधीची पाने एकाच हस्ताक्षरात सलग दिसली, तर ती मूळ नोंद नसून नक्कल आहे आणि तिच्यात नकलाकाराच्या चुका असू शकतात, हे गृहीत धरावे. १६४२ ते १६६० हा यादवी युद्धाचा आणि त्यानंतरचा काळ बहुतेक ठिकाणी फाटका आहे. १६५३ पासून काही वर्षे तर बाप्तिस्म्याऐवजी जन्मतारीख लिहिण्याचा कायदा होता.

त्याच १५९८ च्या हुकमाने आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे वर्षभराच्या नोंदींची प्रत दरसाल बिशपकडे पाठवण्याची पद्धत. या प्रतींना बिशप्स ट्रान्स्क्रिप्ट्स म्हणतात. ईली डायोसिसच्या प्रती केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, लिंकनच्या लिंकनशर आर्काइव्ह्जमध्ये आणि नॉरिचच्या नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसमध्ये आहेत. मूळ रजिस्टर ओलीने, उंदरांनी किंवा निष्काळजीपणाने गेले असेल तर या प्रतींवाचून गत्यंतर नसते. मूळ रजिस्टर शाबूत असले तरी दोन्ही ताडून पाहावेत, कारण कधी कधी प्रतीत मुलाच्या आईचे नाव असते आणि मुळात नसते, तर कधी नेमके उलट असते.

टप्पा ४ : आता इंडेक्स शोधावा, पण तो पुरावा समजू नये

फ्रीरेग आणि फॅमिलीसर्च या दोन मोफत संकेतस्थळांपासून सुरुवात करावी. फ्रीरेगवर स्वयंसेवकांनी उतरवलेल्या नोंदी असतात. शोध घेण्याआधी तेथील पॅरिशवार यादी उघडून आपल्याला हवे ते पॅरिश आणि हवी ती वर्षे उतरवून झाली आहेत का, हे पाहावे. हे न पाहता ‘काही मिळाले नाही’ म्हणणारे फार आहेत. ती नोंद अद्याप कोणी उतरवलीच नसेल तर ती मिळणार कशी?

शोधताना आडनावाचे स्पेलिंग एकच धरू नये. तारांकन आणि प्रश्नचिन्ह यांसारख्या चिन्हांचा वापर करून मधली अक्षरे मोकळी सोडावीत. त्यानेही न सापडल्यास आडनाव पूर्ण गाळून पॅरिश, साल आणि वडिलांचे व मुलाचे पहिले नाव एवढ्यावर शोधावे.

मराठी वाचकांसाठी येथे एक खास सूचना आहे. टिपणे देवनागरीत ठेवली तर आडनावाचे स्पेलिंग हरवते. ‘रीड’ हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारांनी लिहिले जाते आणि देवनागरीत ते सगळे एकच दिसते. नंतर दोन कुटुंबे वेगळी करायची वेळ येते तेव्हा नेमका हाच फरक उपयोगी पडणार असतो. स्वतःचे विवेचन खुशाल मराठीत लिहावे, परंतु नोंदीतील प्रत्येक नाव रोमन लिपीत, मूळ पानावर आहे तसेच ठेवावे.

*इशारा :* इंडेक्समध्ये गवसलेली नोंद म्हणजे मूळ पान कोठे पाहावे याचा पत्ता आहे, त्याहून अधिक काही नाही. समासातील टीप, खोडलेला शब्द, शेजारच्या ओळीतील जुळे भावंड यांपैकी बहुतेक गोष्टी इंडेक्समध्ये येत नाहीत.

टप्पा ५ : मूळ पान वाचावे

स्कॅन मिळाला की लगेच आपल्या ओळीवर झेप घेऊ नये. आधी ते पूर्ण पान, शक्य तर मागचे आणि पुढचेही, वाचून काढावे. ज्या शब्दांबद्दल शंका नाही असे शब्द, म्हणजे महिन्यांची नावे आणि जॉन, मेरी यांसारखी नावे, निवडून त्या लेखनिकाची अक्षरे एका कागदावर उतरवून घ्यावीत. अनोळखी आडनाव या कोष्टकाशी ताडून वाचावे.

तारखेपासून सुरुवात करावी, कारण सर्वाधिक चुका तेथेच होतात. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे. समजा पानाच्या माथ्यावर १७३४ लिहिले आहे, त्याखाली एप्रिल ते डिसेंबरच्या नोंदी आहेत आणि मग त्याच मथळ्याखाली १७ जानेवारीची नोंद येते. ती तारीख आपल्या हिशेबाने १७ जानेवारी १७३५ आहे. ती १७३४/३५ अशी दुहेरी लिहावी. हे न केल्यास मुलाचा बाप्तिस्मा आईबापांच्या लग्नाआधी झालेला दिसतो आणि नसलेले रहस्य उभे राहते. १७५२ चे वर्ष १ जानेवारीला सुरू झाले आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. मधल्या अकरा दिवसांत कोणतीही नोंद नाही, हे रजिस्टर फाटल्यामुळे नव्हे.

महिन्यांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. ‘7ber’ यासारखे, म्हणजे सात हा अंक आणि पुढे ‘बर’ असे लिहिलेले दिसले, तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर आहे. त्याच रीतीने आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर आणि दहा म्हणजे डिसेंबर. रोमन अंकांत शेवटचा ‘आय’ हा ‘जे’सारखा लांबवून लिहिलेला असतो.

१७३३ च्या आधीची रजिस्टरे लॅटिनमध्ये असू शकतात. घाबरण्याचे कारण नाही, कारण शब्दसंग्रह पंधरा-वीस शब्दांचाच आहे. फिलियस म्हणजे मुलगा, फिलिया म्हणजे मुलगी, जेमेली म्हणजे जुळी, बाप्टिझाटस किंवा बाप्टिझाटा म्हणजे बाप्तिस्मा झाला. नावांत मात्र सावध राहावे. जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, एगिडियस म्हणजे जाइल्स. घरात त्या माणसाला कोणी जेकोबस म्हणत नसे, म्हणून वंशवृक्षात जेम्स लिहावे आणि नकलेत जेकोबस ठेवावे.

अक्षरांत तीन सापळे नेहमीचे आहेत. शब्दाच्या मधला लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. सुरुवातीचे दोन लहान ‘एफ’ म्हणजे एक मोठा ‘एफ’. आणि ‘आय’, ‘एम’, ‘एन’, ‘यू’ ही अक्षरे नुसत्या उभ्या रेघांची बनलेली असल्याने त्या रेघा मोजूनच आडनाव ठरवावे.

१८१३ पासून छापील रजिस्टरे आली आणि काम सोपे झाले. एका पानावर आठ नोंदी, प्रत्येकीला क्रमांक आणि ठरलेले रकाने असतात : तारीख, मुलाचे नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा व्यवसाय आणि विधी करणाऱ्याची सही. वडिलांच्या व्यवसायात बहुतेक ठिकाणी ‘लेबरर’ दिसेल. एखाद्या ठिकाणी ‘बँकर’ दिसल्यास घराणे सावकारी होते अशी समजूत करून घेऊ नये. या भागात नद्यांचे बांध घालणाऱ्या मजुराला बँकर म्हणत.

एक उलटा अनुभवही येतो. नॉरफोकच्या काही रजिस्टरांत अठराव्या शतकाच्या अखेरीस आईचे माहेरचे आडनाव लिहिलेले आढळते, पण १८१३ च्या छापील नमुन्यात त्यासाठी रकानाच नव्हता, म्हणून ते गेले. त्यामुळे धाकट्या मुलाच्या नोंदीत जे मिळत नाही ते त्याच्या थोरल्या बहिणीच्या नोंदीत मिळू शकते.

*पडताळणी :* तारीख ही बाप्तिस्म्याची आहे, जन्माची नव्हे. फेनमधल्या लांबच्या वस्त्यांवर दोन-तीन मुलांचा एकाच दिवशी बाप्तिस्मा करून घेण्याची पद्धत होती. नोंदीत वय किंवा जन्मतारीख नसेल तर वंशवृक्षात जन्मसाल म्हणून बाप्तिस्म्याचे साल टाकू नये. मूल अशक्त असेल तर घरीच घाईने खासगी बाप्तिस्मा दिला जाई आणि मूल जगल्यास पुढे चर्चमध्ये त्याचा स्वीकार होई. अशा मुलाच्या दोन तारखा असतात, आणि त्यावरून दोन मुले होती असे समजू नये.

टप्पा ६ : नोंद नसेल तर कोणत्या क्रमाने पुढे जावे

प्रथम त्याच पॅरिशची बिशप्स ट्रान्स्क्रिप्ट पाहावी. मग शोधाची मर्यादा पुढे वाढवावी. १७८३ च्या १ ऑक्टोबरपासून १७९४ पर्यंत प्रत्येक बाप्तिस्म्याच्या नोंदीवर तीन पेनी कर होता. गरिबांना तो माफ होता आणि त्यांच्या नावापुढे ‘पॉपर’ किंवा नुसते ‘पी’ लिहीत. ज्यांना माफी नव्हती आणि कर भरण्याची इच्छाही नव्हती त्यांनी कर लागू होण्याआधी घाई केली किंवा तो उठेपर्यंत वाट पाहिली. म्हणून या काळातील मूल दहा-बारा वर्षांचे होऊन १७९४ नंतरच्या पानांवर सापडले तर नवल मानू नये.

त्यानंतर दुसऱ्या टप्प्यात नकाशावर खूण केलेली शेजारची पॅरिश घ्यावीत. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाई, हे आपल्याला सांगायला नको. थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा आईच्या माहेरच्या पॅरिशमध्ये झालेला असणे अगदी शक्य आहे, म्हणून आईबापांचा विवाह जेथे झाला ते पॅरिश या यादीत वर ठेवावे.

मग येतात अँग्लिकन चर्चबाहेरचे पंथ. फेनलँडमध्ये बाप्टिस्टांचा जोर होता आणि बाप्टिस्ट लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. अशा घरातील मुलाची बाप्तिस्म्याची नोंद शोधत बसणे व्यर्थ आहे. त्याऐवजी त्यांच्या मंडळीचे जन्मरजिस्टर असल्यास ते पाहावे. १८३७ नंतर सरकारजमा झालेली अशी रजिस्टरे लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, मुख्यतः आरजी ४ या मालिकेत आहेत. मेथडिस्टांचे रजिस्टर कित्येकदा एका गावाचे नसून अनेक गावे मिळून होणाऱ्या सर्किटचे असते, म्हणून गावाच्या नावाने शोधल्यास ते हाती लागत नाही. जवळच्या बाजारगावाच्या सर्किटचे नाव शोधावे.

व्यक्तीचा जन्म १ जुलै १८३७ नंतरचा असेल तर सरकारी जन्मनोंद मागवावी. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन इंडेक्समध्ये आईचे माहेरचे आडनाव मिळते. मात्र १८७५ पर्यंत ही नोंदणी पुरती काटेकोर नव्हती, म्हणून सरकारी नोंद नाही आणि बाप्तिस्मा आहे अशी उदाहरणे भेटतात.

टप्पा ७ : ही नोंद त्याच माणसाची आहे का?

नाव जुळले, वडिलांचे नाव जुळले, सालही जुळले, तरी काम संपलेले नसते. त्याच पॅरिशचे दफनरजिस्टर उघडून बाप्तिस्म्यापासून पुढची किमान पंधरा वर्षे ओळीने वाचावीत. दलदलीच्या या प्रदेशात हिवतापाचा उपद्रव मोठा होता, मुले फार दगावत, आणि वारलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला ठेवण्याची चाल होती. १७६१ मध्ये बाप्तिस्मा झालेला विल्यम १७६३ मध्ये पुरला गेला असेल, तर आपला विल्यम १७६४ किंवा त्यानंतरचा असणार. हा टप्पा गाळल्यामुळे जेवढे वंशवृक्ष चुकले आहेत तेवढे दुसऱ्या कोणत्याही कारणाने चुकले नसतील, असे माझे मत आहे.

१८१३ पूर्वीच्या दफननोंदीत वय बहुधा नसते. ‘अमुकचा मुलगा’ किंवा ‘इन्फंट’ असे लिहिले असल्यास ते मूल होते हे कळते. काहीच लिहिले नसेल तर त्याच नावाचा प्रौढ माणूस गावात होता का, हे विवाहांच्या नोंदींवरून पाहावे.

त्यानंतर त्या आईबापांची सर्व मुले एका तक्त्यात मांडावीत. दोन बाप्तिस्म्यांत पाच-सहा महिन्यांचेच अंतर आले, किंवा आईचे नाव मध्येच बदलून पुन्हा पहिले आले, तर एकाच नावाची दोन जोडपी गावात होती असे समजावे. दोन चुलतभाऊ, दोघांचेही नाव जॉन, आणि दोघांच्याही बायका मेरी, हा प्रकार या गावांत मुळीच दुर्मीळ नाही. त्यांना वेगळे करण्यासाठी राहण्याचे ठिकाण, व्यवसाय, मृत्युपत्रे आणि गरिबांच्या कायद्याखालील सेटलमेंटचे (माणसाला पोसण्याची जबाबदारी कोणत्या पॅरिशची हे ठरवण्यासाठी घेतलेले) जबाब उपयोगी पडतात. हे जबाब तर सोन्याहून पिवळे असतात, कारण माणूस कोठे जन्मला आणि कोणाकडे चाकरीला होता, हे त्यांत त्याच्या तोंडून आलेले असते.

*इशारा :* नोंदीत फक्त आईचे नाव असेल आणि ‘बेसबॉर्न’ यासारखा शब्द असेल, तर आईबापांचे लग्न झालेले नव्हते. पुढे मूल सावत्र वडिलांचे आडनाव लावून वावरले असण्याची शक्यता धरून दोन्ही आडनावांनी शोध घ्यावा.

टप्पा ८ : टिपण असे करावे की दुसऱ्याला तेच पान उघडता यावे

अभिलेखागाराचे नाव, रजिस्टरचा क्रमांक, पान, १८१३ नंतरचे असल्यास नोंदीचा क्रमांक, आणि आपण मूळ पाहिले, स्कॅन पाहिला, बिशप्स ट्रान्स्क्रिप्ट पाहिली की केवळ इंडेक्स, हे प्रत्येक नोंदीखाली लिहावे. नक्कल जशीच्या तशी असावी. स्वतःची भर चौकोनी कंसात टाकावी आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यावे, अंदाज देऊ नये.

जेथे काही सापडले नाही तेही लिहावे : पॅरिश, वर्षे, कोणते रजिस्टर, मधली पाने गहाळ होती का. सहा महिन्यांनी तेच रजिस्टर पुन्हा चाळण्याची वेळ येते ती ही टीप नसल्यामुळे.

निष्कर्षापुढे ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ किंवा ‘अनिर्णित’ यांपैकी एक शब्द टाकावा. ‘संभाव्य’ नोंद ऑनलाइन वंशवृक्षाला जोडू नये, कारण तेथून ती दहा जण उचलतात आणि मग तीच दहा ठिकाणी दिसते म्हणून खरी मानली जाते. इंडेक्समधील वाचन मूळ पानाशी जुळत नसेल तर संकेतस्थळावर दुरुस्ती कळवावी. कळवताना पॅरिश, तारीख आणि पानाचा क्रमांक द्यावा, केवळ ‘हे चूक आहे’ असे लिहून पाठवू नये, कारण तपासणाऱ्यालाही तेच पान शोधून काढायचे असते.